ब्लॉकमध्ये उरलेलं लोखंड

पावसाळा तोंडावर आला की रानशेतात माझ्या गॅरेजच्या ओट्यावर ब्लॉक येऊन पडू लागतात. चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा उरकलेली असते, लग्नाची भाडी संपत आलेली असतात, वीटभट्ट्या थंडावतात. वर्षभर गाडीला एक दिवस विश्रांती न देणारे सगळे एकदमच इंजिन खोलायला येतात. गंजाड, आशागड, चारोटी या पट्ट्यातल्या पिकअप, काळ्या-पिवळ्या जीप, भाताच्या गिरणीचं इंजिन, ओहळावरून वाडीला पाणी चढवणारा पंप. तक्रार थोड्याफार फरकाने सगळ्यांची तीच. "दादा, धूर मारतेय, ऑइल खातेय, जव्हारच्या घाटात दम टाकतेय." तक्रारीला जोडून उपायही तेच सांगून टाकतात, "बोर करून टाका."

बोर करणं म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करणं आणि त्यात थोडा मोठा पिस्टन बसवणं. कापायचं मशीन माझ्याकडे नाही. ब्लॉक बोईसरला जातो, नाहीतर तलासरीपलीकडे वापीला. इंजिन खोलायचं, मापं घ्यायची, ब्लॉक तिकडे पाठवायचा आणि परत आला की जुळवायचा, हे माझं काम. पण किती कापायचं, मुळात कापायचं की नाही, हे इथेच ओट्यावर ठरतं. मशीनवाला सांगाल तेवढं कापून देतो. म्हणून गिऱ्हाइकाला मी एक गोष्ट गाडी खोलायच्या आधीच सांगतो: बोर किती वाढवायचा ते नंतर बघू. आधी ब्लॉकमध्ये लोखंड किती उरलंय ते मोजू द्या. त्या मापाला अर्धा दिवस जातो आणि बहुतेकांना तो फुकट गेला असं वाटतं. पिकअपवर घर चालवणाऱ्या माणसाचा ब्लॉक मेला तर त्याचं वर्ष जातं, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून हा लेख.

ब्लॉक म्हणजे बिडाचं ओतीव. त्यात सिलिंडरची उभी भोकं, त्यांच्याभोवती बिडाची भिंत, भिंतीच्या बाहेर पाणी खेळायची जागा, आणि सगळ्यात वर सपाट माथा. या माथ्याला डेक म्हणतात; आमच्या लायनीत नुसतं 'फेस' म्हटलं जातं. त्यावर गॅस्केट, गॅस्केटवर हेड, आणि हेड आवळायला बोल्ट किंवा स्टड. पिस्टन आत वरखाली होतो, त्याच्या रिंगा भिंतीला घासत राहतात, मध्ये ऑइलचा पातळ थर. हा थर सगळ्यात कमी असतो तो वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग क्षणभर थांबून परत फिरते. तिथेच उष्णता जास्त आणि दाबही जास्त. म्हणून सिलिंडर वरून जास्त झिजतो, खाली कमी. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा असतो, त्यामुळे जळालेल्या वायूचा दाब पिस्टनला एका बाजूच्या भिंतीवर रेटतो. त्या बाजूला झीज जास्त. सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद आणि वर अंडाकृती, अशी अवस्था होते. आमच्या तालुक्यांतून एक्सप्रेस-वे आणि बुलेट ट्रेनची कामं चाललीत. डंपरच्या मागे उडणारी धूळ फिल्टर साफ नसेल तर थेट या भिंतीवर जाते, आणि मग वर्षांची झीज महिन्यांत होते.

कंपन्या पिस्टन ठरावीक वाढीव मापांत देतात. मिलिमीटरमध्ये पाव, अर्धा, पाऊण, एक. जुने मिस्त्री थाऊमध्ये बोलतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग: दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ. गोष्ट एकच. इथे पहिली चूक होते ती हिशोबाची. समजा झीज ०.१८ मिलिमीटर आहे. गिऱ्हाईक म्हणतं, पाव मिलिमीटरचा पिस्टन टाका, पुरेल. पण झीज एकाच बाजूला आहे आणि बोरचा मध्य जिथे आहे तिथेच ठेवायचा आहे, नाहीतर क्रँकशी रॉडची सरळ रेषा बिघडते. पाव मिलिमीटर व्यासात वाढवला तर प्रत्येक भिंतीतून निघणार ०.१२५. झिजलेला खळगा ०.१८ खोल. तो तसाच राहणार. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरवर जाणं भाग. दर वेळी एवढं लोखंड जातं, आणि एक मिलिमीटरची शिडी दोन कामांत संपते.

आता भिंतीचं बळ. लोकांना वाटतं, भिंत पातळ झाली की फुटेल, हीच भीती. आकडे वेगळं सांगतात. बोर ९० मिलिमीटरचा, डिझेलचा कमाल दाब १०० बार, भिंत ५ मिलिमीटर धरा. दाब भिंतीला चहूकडून बाहेर ढकलतो, तेव्हा तिच्यात दर चौरस मिलिमीटरला साधारण ९ किलोचा ताण येतो. साधं बीड २० ते २५ किलोला तुटतं. भिंत साडेचारची केली तर ताण १० किलो होतो. कागदावर अजून पुष्कळ जागा आहे. मग कंपनी एक मिलिमीटरवर का थांबते?

कारण भिंत फुटण्याच्या कितीतरी आधी वाकायला लागते. गोल भिंत अंडाकृती व्हायला जो विरोध करते, तो जाडीच्या घनावर चालतो. ५ मिलिमीटरची भिंत ४.५ ची झाली की ताठपणा चौथ्या हिश्शाहून जास्त जातो. ४ ची झाली की अर्धाच उरतो. ओट्यावर बोर गेजने मापलं तर बोर एकदम गोल दिसेल. इंजिन तापलं, दाब आला, हेड आवळलं, की तोच बोर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत इकडेतिकडे होतो. रिंगा तेवढ्या चपळ नसतात. त्यांच्या फटीतून ऑइल वर जातं आणि जळतं, वायू खाली जातो आणि ब्रीदरमधून वाफ मारतो. नवे पिस्टन, नव्या रिंगा, आणि दोन महिन्यांत गाडी पुन्हा ऑइल खायला लागते. मालक पिस्टनच्या कंपनीला शिव्या देतो, मिस्त्रीला देतो. दोष पातळ झालेल्या भिंतीचा असतो. पातळ भिंत पिस्टनच्या आपटण्याने जास्त थरथरते, त्या थरथरीने पाण्याच्या बाजूला बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि बिडात टोचे पाडत जातात, हा त्यातला आणखी एक त्रास.

पुस्तकातली ५ मिलिमीटरची भिंत पुस्तकातच सगळीकडे सारखी असते. ओतकामात पाण्याच्या पोकळीसाठी वाळूचा गाभा ठेवतात. रस ओतताना तो जरासा सरकला तर एका बाजूची भिंत जाड, समोरची पातळ. बाहेरून काही दिसत नाही. ओतकाम कितीही चांगलं असो, थोडं सरकणं असतंच. त्यात आमच्याकडची सवय: रेडिएटरमध्ये कूलंट न टाकता विहिरीचं, ओहळाचं, जे हाताला लागेल ते पाणी. आतून भिंत आपण कापतो, बाहेरून गंज खातो. बोर गेज फक्त आतली बाजू सांगतो. म्हणून मी ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्र घेतलं. हातात मावणारं, एक बारीक खुंटी भिंतीला टेकवायची, मध्ये ग्रीसचा ठिपका, आणि पडद्यावर जाडी येते. प्रत्येक सिलिंडरला चार बाजू, वर, मध्ये, खाली. चार सिलिंडरची मापं कागदावर मांडली की ब्लॉकचा खरा नकाशा तयार होतो.

एक उदाहरण सांगतो. चिकू आणि गवताची भाडी मारणारी पिकअप, चार सिलिंडरचं डिझेल, ब्लॉक आधीच एक मिलिमीटरवर गेलेला. मालकाने बाजारातून दीड मिलिमीटरचे पिस्टन आणूनच ठेवले होते. असले पिस्टन मिळतात, कंपनीच्या यादीत नसले तरी मिळतात. "एवढं एक वेळ करून द्या, पुढच्या वर्षी गाडी विकतो," म्हणाला. मापं घेतली. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर ठीकठाक, कुठे ४.५, कुठे ५ मिलिमीटर. तिसऱ्याची एक बाजू ५.२ आणि समोरची, म्हणजे पिस्टन रेटतो तीच बाजू, ३.४. त्याच बाजूला माथ्याच्या जरा खाली एका जागी यंत्र २.९ दाखवत होतं. पाण्याच्या भोकातून दिवा मारून पाहिलं तर आत गंजाचा पापुद्रा. डिझेलमध्ये रेट्याच्या बाजूला ४ मिलिमीटरच्या खाली मी जात नाही. हा माझा नियम आहे, अनुभवाने ठरवलेला.

"मग स्लीव्ह मारू," तो म्हणाला. स्लीव्ह म्हणजे बोर आणखी मोठा कापून त्यात बिडाची नळी दाबून बसवायची आणि ती नळी आतून मूळ मापाला बोर करायची. झिजलेल्या ब्लॉकला हा चांगला उपाय आहे, पण त्यालाही जागा लागते. २ मिलिमीटर जाडीची नळी म्हणजे मूळ मापावर ४ मिलिमीटर मोठं भोक. एक मिलिमीटर आधीच गेलेला, म्हणजे प्रत्येक भिंतीतून अजून दीड मिलिमीटर. २.९ मधून दीड गेला की १.४ उरतो. त्यात नळी प्रेसखाली घट्ट दाबायची. तेवढ्या दाबाने ती जागा तडकली असती; प्रेसखाली वाचली असती तर पहिल्या घाटात तडकली असती. मी कागद त्याच्यापुढे ठेवला, दिवा त्याच्या हातात दिला, त्याने स्वतः पाहिलं. शेवटी जुन्या बाजारातून मूळ मापाचा एक ब्लॉक मिळाला, तोही मोजूनच घेतला. दीडचे पिस्टन दुकानदाराने परत घेतले नाहीत, तेवढं नुकसान त्याला सोसावं लागलं.

भिंतीबद्दल निदान लोक विचारतात. माथ्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते बोरिंगची खरी हद्द बरेचदा माथाच ठरवतो. ९० मिलिमीटरच्या बोरवर १०० बार दाब म्हणजे हेडला वर उचलणारा साडेसहा टनांचा धक्का. ३००० फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये तो मिनिटाला १५०० वेळा बसतो. तरी हेड हलता कामा नये, म्हणून बोल्ट त्याहून बऱ्याच जास्त ताकदीने आधीच आवळलेले असतात. ही सगळी ओढ माथ्याच्या बिडात उतरते. बोल्टच्या आट्यांभोवतालचं बीड वर खेचलं जातं, बोरच्या वरच्या कडेला चिमटा बसतो. चांगल्या ब्लॉकमध्ये माथा जाड असतो, आटे माथ्याच्या बरेच खालून सुरू केलेले असतात, म्हणजे ओढ खोलवर जाते आणि बोरची वरची कड कमी हलते. म्हणून उत्तम बोरिंगवाले होनिंग करताना, म्हणजे बोर शेवटी दगडाने घासून मापात आणताना, माथ्यावर जाड पोलादी पाट गॅस्केटसकट बोल्टनी आवळतात. हेड बसल्यावर बोर जसा वाकणार, तसा तो आधीच वाकवून ठेवायचा आणि त्या अवस्थेत गोल करायचा. पाट सोडला की बोर मापात जरा वाकडा दिसतो, हेड आवळलं की गोल होतो. हा पाट आमच्या बाजूला फार थोड्या ठिकाणी आहे. भिंत पातळ झालेली असेल तर त्याची गरज दुप्पट.

गॅस्केटलाही मर्यादा आहे. त्याच्या प्रत्येक भोकाच्या कडेला पोलादी कडं असतं, आग तिथे अडते. बोर वाढत वाढत त्या कड्याच्या खाली आला तर कड्याची कड ज्वाळेत लोंबते, लाल होते, जळते, आणि एक दिवस गॅस्केट उडतं. दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर हे आधी होतं. दोन बोरच्या मध्यांमधलं अंतर ब्लॉक ओतला तेव्हाच ठरलेलं आहे, ते बदलत नाही. बोर एक मिलिमीटर वाढला की मधली पट्टी एक मिलिमीटरने अरुंद होते, अर्धा या बाजूने, अर्धा त्या बाजूने. गॅस्केट सारखं त्याच जागी उडत असेल तर नवं गॅस्केट टाकत बसण्यात अर्थ नसतो.

कंपन्याही बोर वाढवतात, पण त्यांची रीत बघण्यासारखी आहे. महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ साली मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि बी-२७५ ट्रॅक्टर आपल्या शेतांवर आला. त्याच्या इंजिनाचा बोर ३ पूर्णांक ३/८ इंच, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ४ इंच, म्हणून सुमारे १४४ घन इंच. हार्वेस्टरच्या त्याच घराण्यातल्या मोठ्या इंजिनाचा बोर साडेतीन इंच, स्ट्रोक तोच ४, म्हणून १५४ घन इंच. फरक एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. ८८.९ बाय १०१.६ मिलिमीटर, २५२३ सीसी, हेच माप पुढे महिंद्रच्या डीआय इंजिनावरही दिसतं, ज्याच्यावर आमच्याकडची कितीतरी भाडी चालली. बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्याने जे ओएम ६१६ इंजिन बनवलं, ट्रॅक्समधलं, त्याचीही गोष्ट तशीच: आधीच्या इंजिनाचा बोर ८७, याचा ९१, स्ट्रोक दोन्हींचा ९२.४. पुढे मर्सिडीजने बोर एक दशांश मिलिमीटर कमी करून ९०.९ केला. स्ट्रोक तोच ठेवून कंपनी बोर सुतानं वाढवते तेव्हा साचा, पाण्याच्या वाटा, गॅस्केट, बोल्ट, सगळ्याचा पुन्हा हिशोब करायची तिला मोकळीक असते. आपल्या हातात तयार ओतीव असतं आणि त्यातून फक्त काढता येतं.

एवढी मोकळीक असूनही मर्यादा कुठे येते ते अमेरिकेतल्या शेवरोलेच्या लहान व्ही-८ मध्ये दिसतं. १९५५ साली तो आला तेव्हा बोर ३.७५ इंच होता. दोन बोरच्या मध्यांमधलं अंतर ४.४ इंच. ते अंतर कायम ठेवून कंपनी बोर वाढवत गेली आणि १९७० च्या ४०० घन इंचांच्या इंजिनात तो ४.१२५ इंचांवर पोचला. दोन बोरमध्ये उरले सुमारे ७ मिलिमीटर. तेवढ्यात दोन भिंती आणि मध्ये पाणी मावेना. मग शेजारच्या भिंती एकमेकींना जोडूनच ओतल्या आणि मधलं पाणी गेलं. तिथे साठणारी वाफ निघावी म्हणून माथ्यात आणि हेडमध्ये बारीक भोकं पाडावी लागली. ती भोकं नसलेलं जुनं हेड त्या ब्लॉकवर चढवलं तर इंजिन तापतं, हे तिकडचे मिस्त्री आजही जाणतात. बोर वाढवण्याचा भार शेवटी माथ्यावर येतो, तो असा.

माथ्याची रचना दोन टोकांची असते. बिडाच्या ब्लॉकमध्ये तो बहुधा बंद असतो: वर सलग बीड, पाण्यासाठी थोडी भोकं. भिंतींना वरून धरून ठेवणारं झाकणच ते. ॲल्युमिनियमच्या अनेक ब्लॉकमध्ये माथा उघडा असतो. पाण्याने भरलेल्या पातेल्यात पेले उभे करावेत तसे सिलिंडर वरून सुटे, खाली धरलेले. साच्यातून काढायला हे सोपं, आणि सिलिंडरच्या सगळ्यात गरम टोकाला भरपूर पाणी मिळतं. पण वरचं टोक धरायला काही नाही, त्यामुळे ते हलू शकतं. १९७१ च्या शेवरोले व्हेगामध्ये आत वेगळी नळी (लायनर) नसलेला ॲल्युमिनियम ब्लॉक आणि उघडा माथा होता. इंजिन तापलं की सिलिंडर वाकडे व्हायचे, गॅस्केट सुटायचं, आणि ती गाडी त्यासाठीच लक्षात राहिली. पुढच्या इंजिनांनी त्यातून धडे घेतले आणि आज उघड्या माथ्याच्या लाखो गाड्या व्यवस्थित चालतात. पण उघड्या माथ्याचा ब्लॉक तुमच्याकडे असेल तर त्यात बोर वाढवण्याची उमेद बाळगू नका. अनेक नव्या इंजिनांना तर कंपनी वाढीव पिस्टन देतच नाही. काहींच्या भिंतीवर पातळ कठीण लेप असतो, बोरिंगच्या हत्याराचा पहिला फेरा तो काढून टाकेल.

माथ्यावरच होणारं दुसरं काम म्हणजे फेसिंग. गाडी तापली, हेड आणि माथा किंचित वाकले, गॅस्केट उडालं, की दोन्हींवरून मशीन फिरवून सपाट करतात. सरळपट्टी आणि फिलर गेज लावून मी आधी बघतो. फट दशांश मिलिमीटरच्या निम्म्याइतकी असेल तर माथ्याला हात लावू देत नाही. लोक फेसिंगला किरकोळ समजतात, बोरिंगला मोठं. २५२३ सीसीच्या इंजिनाचा हिशोब करून दाखवतो. कॉम्प्रेशन १८ ला १ धरलं तर प्रत्येक सिलिंडरवर पिस्टन वर आल्यावर सुमारे ३७ सीसी जागा उरते. बोर अर्धा मिलिमीटर वाढवला तर कॉम्प्रेशन १८.२ च्या आसपास जातं. माथ्यावरून फक्त पाव मिलिमीटर काढला तर ते १८.७ होतं. किरकोळ वाटणाऱ्या कामाचा परिणाम तिपटीहून जास्त. डिझेलमध्ये पिस्टन वर आला की हेडपासून जेमतेम मिलिमीटरच्या आत असतो, माथा खाली आला की पिस्टन तेवढा वर आला, व्हॉल्व्ह त्याला लागू शकतात. म्हणून अनेक डिझेल गाड्यांची गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतात, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून ती ओळखायची. फेसिंग केलं आणि जाडी न बघता दुकानातलं पहिलं गॅस्केट चढवलं, असं करून देणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

पंपाचं आणि गिरणीचं इंजिन यात सुखी असतं. त्यात बहुधा वेट लायनर असतो, म्हणजे पाण्यात उभी असलेली, बाहेर ओढून काढता येणारी नळी. झिजली की नळी, पिस्टन, रिंगा असा पूर्ण संच बदलायचा, ब्लॉक कापायचा प्रश्नच नाही. किर्लोस्करच्या एव्ही-१ चा बोर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, म्हणून ५५३ सीसी. टीव्ही-१ चा स्ट्रोक तोच ११०, बोर ८७.५, म्हणून ६६१. दोघांचे लायनर वेगळे, पिस्टन वेगळे, पण कामाची रीत एकच. इथे जपायचं ते माथ्यावरच. लायनरची कॉलर ज्या खाचेत बसते ती खाच साफ आणि एका पातळीत हवी, आणि कॉलर माथ्याच्या किंचित वर यायला हवी, म्हणजे गॅस्केट तिच्यावर घट्ट दाबलं जातं. गंज खरवडून न काढता लायनर ठोकला की तो तिरका बसतो. कॉलर खाली राहिली तर पाणी ऑइलमध्ये, आणि फार वर आली तर हेड आवळताना कॉलरच तुटते. शेतकऱ्याला मी सांगतो, लायनर बसवताना डायल गेज लावून कॉलर चार ठिकाणी मोजून घ्या, मिस्त्री रागावला तरी चालेल.

तरुण मुलं मोटारसायकलचा ब्लॉक घेऊन येतात आणि विचारतात, बोर मोठा केला तर पळेल का? स्प्लेंडरचा बोर ५०, स्ट्रोक ४९.५, ९७.२ सीसी. एक मिलिमीटर वाढवला, म्हणजे शेवटची पायरी एकदम चढला, तर होतात १०१ सीसी. शंभराला चार. रस्त्यावर ते जाणवतही नाही, आणि पुढे झिजल्यावर त्या ब्लॉकला जागा उरलेली नसते. मी त्यांना हा हिशोब पाटीवर मांडून देतो. बहुतेकांना पटतो. झिजलेला बोर मूळ गोलाईवर आला की जी ताकद गेलेली असते ती परत मिळते, नवी कुठून येत नाही. म्हणून जेवढ्या कमीत बोर साफ होईल तेवढंच कापायचं. पाव मिलिमीटरमध्ये भागत असेल तर "पुन्हा पुन्हा कशाला, एकदम एक करून टाका" हे ऐकायचं नाही. चारपैकी एकाच सिलिंडरला जास्त खोल ओरखडा असेल तर त्या एकाला स्लीव्ह आणि बाकीच्यांना छोटं माप, हा पर्याय विचारायचा.

माझ्याकडून गेलेल्या प्रत्येक ब्लॉकच्या कडेला, माथ्याच्या खाली, मी नंबरी पंचाने बोरचं माप ठोकतो, आणि मालकाला एक चिठ्ठी देतो. तिच्यावर प्रत्येक सिलिंडर किती वाढीव आहे, भिंत सगळ्यात पातळ कुठे आणि किती, माथ्यावरून आजवर एकूण किती काढलं, गॅस्केट किती खाचांचं बसवलं, एवढं असतं. तुमच्या गाडीचं काम कुठेही होवो, बोईसरला, वापीला, नाशकाला, एवढी मापं मागून घ्या आणि चिठ्ठी गाडीच्या कागदांच्या पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी मशीन सुरू व्हायच्या आधी ती मिस्त्रीच्या हातात द्या, आणि काम झालं की नवी मापं तिच्याच खाली लिहून घ्या.